सव्वा इंची फौज आणि आमचे हे

अहो वहिनी, थांबा जरा. ती कुंडी नंतर उचला. परवा रात्री बारा वाजता आमच्या गॅरेजात दिवा होता, तो पाहिलात ना? पाहिलात हे मला ठाऊक आहे, तुमच्या स्वयंपाकघराचा पडदा हलला होता. कोपऱ्यावरच्या काकींनी तर देवळात मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना? भाऊ ड्राइव्हवेमध्ये तोंडाला मास्क लावून काहीतरी फवारत होते." तेव्हा म्हटलं, एडिसनभर व्हायच्या आत आपणच सांगून टाकावं.

आमचे हे लढाया खेळतात.

हसू नका हो. टेबलावर खेळतात. सव्वा इंच उंचीचे सैनिक, प्लास्टिकचे नाहीतर धातूचे. आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे, आणि सहा बाय चार फुटांच्या टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडून समोरच्याशी लढायचं. फौज किती इंच चालली ते टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे ठरवणार. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात ह्याला. आणि ते फवारणं म्हणजे प्रायमर. वरचा रंग नीट धरावा म्हणून आधी अस्तर मारतात. आपल्या न्यू जर्सीच्या जुलैत दमट हवेत ते मारलं की सैनिकाच्या अंगावर खरखरीत पूड धरते, म्हणून हे हवेतल्या दमटपणाचा आकडा बघून बाहेर पडतात. माझे पापड वाळत घालायचे होते तेव्हा नाही कधी बघितला कुणी तो आकडा!

तुम्हाला ह्यांचा स्वभाव माहीतच आहे. मंडळाच्या गणपतीत हे खुर्च्या लावतात, माईक तपासतात, द्रोणांची चवड रचतात. लोक म्हणतात, काय कामसू माणूस. कामसू कसले, हातात खुर्ची असली की कुणी बोलायला येत नाही ना! मुलगा कॉलेजला गेला, घर रिकामं झालं, आणि संध्याकाळी हे यूट्यूबवर कुणीतरी परका माणूस इवल्याशा सैनिकाच्या भुवया रंगवतोय ते बघत बसायला लागले. एक दिवस मी विचारलं, हे इथे आसपास कुठे खेळतात का? तर लगेच उत्तर आलं, "हायवेवर त्या ड्रायक्लीनरच्या शेजारी दुकान आहे. दर गुरुवारी, सात ते अकरा." म्हणजे पत्ता पाठ, वार पाठ, वेळ पाठ. जायचं तेवढं राहिलं होतं.

मीच ढकललं म्हणा. एका गुरुवारी गेले आणि रंगाची एक बाटली घेऊन परत आले. तपकिरी. "कसं होतं?" तर "गर्दी होती." पुढच्या गुरुवारी आणखी एक बाटली. तीही तपकिरीच. मग खोदून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. हे पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन चाळायचे. मग आत जाऊन रंगांच्या मांडणीकडे तोंड करून उभे राहायचे आणि पाठीमागच्या टेबलावर काय चाललंय ते कानांनी टिपायचे. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "तुम्ही खेळता का?" की म्हणायचे, "पुतण्यासाठी बघतोय," आणि हाताला लागेल ती बाटली घेऊन पैसे भरून बाहेर. अहो, आमचा पुतण्या नागपूरला बँकेत आहे, त्याला दोन मुलं आहेत!

ह्यांना विचाराल तर म्हणतील, लोकांना कशाला त्रास. आपल्याला नियम येत नाहीत, आपल्यामुळे त्यांचा खेळ खोळंबायचा. ऐकायला किती सोज्ज्वळ वाटतं ना? मला नाही पटत. आपल्या माणसांच्या ह्या संकोचात निम्मा मान असतो. ऑफिसात दहा माणसं ह्यांना विचारून काम करतात, आणि इथे बारा वर्षांचं पोरगं सांगणार, "काका, आता तुमची पाळी, सहा इंच चला." ते नको असतं. नवशिके दिसायला नको असतं. परक्या देशात आपले उच्चार, आपलं वय, हे सगळं असतंच, नाही म्हणत नाही. पण कुलूप होतं ते ह्या मानाचं.

आणि ते उघडलं कशाने माहितेय? असईच्या लढाईने.

म्हणजे झालं असं. एका गुरुवारी हे नेहमीप्रमाणे तपकिरी रंगापाशी उभे. मागच्या टेबलावर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा लाल डगलेवाले सैनिक मांडत होते. एका बाजूला दोन नद्या, मधे गाव, समोर तोफांची लांबलचक रांग. शेजारी एक तरुण पोरगा होता, त्याने विचारलं, ही कुणाची फौज? आजोबांच्या जोडीदाराने सांगून टाकलं, "पेशव्यांची." वहिनी, हे जे वळले! आयुष्यात अनोळखी माणसाशी आपणहून बोलले नसतील, ते थेट म्हणाले, "नाही. शिंदे आणि नागपूरकर भोसले. पेशवे तेव्हा इंग्रजांच्या पंखाखाली गेले होते. वसईचा तह, १८०२."

दुकानात म्हणे क्षणभर कुणी फासा टाकला नाही. मग आजोबांनी पायाने एक खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा. त्या गावाचं नाव नीट कसं म्हणायचं ते आधी सांगा."

ह्यांचं आजोळ जालन्याकडचं, तुम्हाला माहीत आहे. लहानपणी मामाच्या बैलगाडीतून त्या रस्त्याने गेलेले. केळणा आणि जुई, दोन नद्यांच्या बेचक्यातलं ते गाव. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली लढला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. तेव्हा वयाने चौतिशीचा. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मन माणसाच्या हाताखाली, आणि तोफा शंभरावर. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं, नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं, दोन्ही काठांना दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे माणसं येत-जात असणार, म्हणजे उतार असणारच. आणि निघाला खरंच. इंग्रजी पुस्तकांत ह्याचं केवढं कौतुक! आमचे हे आजोबांना म्हणाले, "ह्यात काय मोठं? आमच्या मामाच्या गड्यालाही कळलं असतं." आजोबा इतके हसले की त्यांच्या हातातला टेप खाली पडला.

आणि आपल्या गोलंदाजांचं सांगितलंत का, मी विचारलं. तेही सांगितलं म्हणे. इंग्रजांची रांग पुढे सरकली तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, आणि ती पुढे गेल्यावर उठून तोफा वळवून त्यांच्याच पाठीवर डागल्या. आजोबांना हे माहीत होतं! पेनसिल्व्हेनियात जन्मलेला म्हातारा, भारतात कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि त्याला शिंद्यांचे गोलंदाज माहीत. आपल्या इथल्या किती पोरांना माहीत असतील, सांगा.

मग पुढच्या गुरुवारी ह्यांना शिंद्यांची बाजू दिली. फौज आजोबांचीच. नवख्याला स्वतःची फौज लागत नाही, बरं का, जुने लोक हौसेने आपली देतात. ह्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी पहिल्यांदाच खेळतोय." एवढं वाक्य म्हणायला काय जड गेलं असेल त्यांना! पण ते एकदा म्हटलं की समोरचा आपोआप हळू होतो. प्रत्येक वेळी सांगतो, आता चालायचं, आता नेम, आता ह्या फाशांतले चार, पाच आणि सहा तेवढे ठेवा, बाकीचे उचला. तरी ह्यांचं घोडदळ संध्याकाळभर जागचं हललं नाही. हलवायची भीतीच वाटली. आजोबा म्हणाले, काळजी करू नका, खऱ्या लढाईतही मराठ्यांचं घोडदळ जवळजवळ असंच उभं राहिलं होतं.

हरले. पण घरी आले ते बोलत बोलत. रात्री साडेअकराला वरणभात वाढला तर घास हातात आणि गप्पा असईच्या. तपकिरी बाटली आणली नव्हती त्या दिवशी.

आता गॅरेजातला दिवा कशासाठी ते सांगते. त्या टेबलावरची टेकडी ह्यांना आवडली नाही. म्हणे थर्मोकोलचा तुकडा हिरवा रंगवून ठेवलाय, ही काय टेकडी! सातारला ह्यांच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा, सगळी गल्ली बघायला यायची. विटा, पोती, चिखल, बुरूज, वर कुंभाराकडचे महाराज आणि उतारावर मावळे, आणि हळीव पेरून उगवलेलं गवत. तोच माणूस आता घरबांधणीच्या दुकानातून गुलाबी इन्सुलेशन बोर्ड आणतो, गरम तारेने कापतो, कडे कोरतो, वाळू आणि फेविकॉल लावून माती करतो. हळीव पेरायचा विचार होता, मी म्हटलं दुकानदाराचं टेबल कुजेल. मग भुसा हिरवा रंगवून लावला. ती टेकडी बगलेत मारून हे दुकानात गेले तेव्हा खेळ थांबवून लोक बघायला आले. किल्ल्याची गोष्ट सांगावी लागली, फोनवरचे फोटो दाखवावे लागले. आता दोघं-तिघं विचारतायत, दिवाळीत तुमच्या घरी किल्ला बघायला येऊ का? म्हणजे यंदा चकल्या जास्त कराव्या लागणार, तुम्ही मदतीला यायचंय हं, आधीच सांगून ठेवते.

बघा ना, माणूस तोच. मंडळात खुर्चीआड लपायचा तो इथे टेकडी घेऊन पुढे येतो. मला वाटतं ह्याचं कारण असं आहे की ह्या खेळात समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलावं लागत नाही. दोघंही टेबलाकडे बघतात. विषय समोर मांडलेला असतो, काय बोलू म्हणून शोधावा लागत नाही. आणि खेळ संपला की गप्पाही संपवता येतात, निघू का निघू का करत दारात ताटकळावं लागत नाही. लाजऱ्या माणसाला ह्याहून सोयीचं काय? मला तर दुसरीच शंका येते. तिथले निम्मे लोक ह्यांच्यासारखेच आहेत. एक जण आहे, कुणाशी नजर मिळवत नाही, पण त्याच्या सैनिकाच्या ढालीवरचं चित्र कसं काढलं विचारा, अर्धा तास सांगतो. ही ह्यांची आता युक्तीच झालीय. नवीन टेबलाशी गेलं की एक सैनिक निवडायचा आणि विचारायचं, "हा गंज कसा रंगवलात?" रंगवणाऱ्याला ह्याहून गोड प्रश्न नसतो. फक्त विचारल्याशिवाय उचलायचा नाही. दुसऱ्याच्या सैनिकाला हात लावणं तिथे फार वाईट. आणि टेबलावर कोकचा कॅन ठेवणं त्याहून वाईट.

अहो, आणि ह्या खेळातल्या लोकांच्या घरच्या गोष्टी ऐकल्यात तर आपल्या गल्लीच्या फिक्या पडतील. तो गॅरी गायगॅक्स. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा, शिकागोत विम्याच्या कंपनीत कामाला. रात्र रात्र मित्रांकडे. बायकोला दिवस गेलेले, तिला संशय आला की ह्याचं बाहेर काहीतरी आहे. गेली म्हणे माग काढत, आणि एका मित्राच्या तळघरात शिरून बघते तो काय, बाप्ये नकाशे पसरलेल्या टेबलाभोवती बसलेत! मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं, ह्यापेक्षा बाई असती तर बरं! पुढे त्याची नोकरी गेली, तर गड्याने तळघरात जोडे दुरुस्त करून दिवस काढले. आणि त्याच माणसाने १९७१ मध्ये सोबत्याबरोबर चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले, आणि १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसनबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स. तुमचा मुलगा खेळायचा ना, तेच. १९६८ मध्ये ह्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलरला भाड्याने घेऊन खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला, जेन कॉन. आले किती, तर जेमतेम शंभरेक. आता तो इंडियानापोलिसला उन्हाळ्यात भरतो आणि सत्तर हजारांवर माणसं येतात.

त्याच्याही आधी, १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलिया गावच्या जॅक स्क्रुबीने वॉर गेम डायजेस्ट नावाचं नियतकालिक काढलं होतं. स्वतः सैनिक ओतायचा आणि विकायचा. तेव्हा हे खेळणारे एकएकटे, गावोगाव विखुरलेले, शेजाऱ्याला सांगायची चोरी. मोठा माणूस आणि शिशाच्या सैनिकांशी खेळतो म्हणजे काय! त्या नियतकालिकातून त्यांना एकमेकांचा पत्ता लागला. म्हणजे लाज ह्या खेळाला जन्मापासूनच चिकटलेली आहे. तो एच. जी. वेल्स, टाइम मशीनवाला, त्याने तर १९१३ मध्ये लिटल वॉर्स म्हणून पुस्तकच लिहिलं, खेळण्यातल्या तोफेने लाकडाच्या गोळ्या मारून सैनिक पाडायचे. उपशीर्षकातच खेळणाऱ्यांचं वय बारापासून दीडशेपर्यंत लिहिलंय. आमचे हे त्यात आरामात बसतात. त्याचं म्हणणं, खऱ्या लढायांपेक्षा ह्या छोट्या बऱ्या. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं, कुणी ऐकलं नाही बिचाऱ्याचं.

खर्चाचं म्हणाल तर डोळे उघडे ठेवावे लागतात. त्या वॉरहॅमरच्या, म्हणजे नॉटिंगहॅमच्या कंपनीच्या, राक्षस आणि अंतराळवीरांच्या सुरुवातीच्या मोठ्या खोक्याला दीडशे डॉलरच्या वर पडतात. मी पावती बघून खाली बसले. पण त्यांच्या स्वतःच्या दुकानात नवख्याला एक सैनिक फुकट देतात, रंग-कुंचलेही त्यांचेच, तिथेच बसून रंगवायचा. पैसे न घालता जीव रमतो का ते कळतं. इतिहासातल्या लढायांचे प्लास्टिकचे सैनिक तर बरेच स्वस्त, एका खोक्यात तीस-चाळीस येतात. मी ह्यांना एकच अट घातलीय, हातातले रंगवून झाल्याशिवाय नवीन खोकं नाही. ह्या लोकांत करड्या, न रंगवलेल्या फौजांचे ढीग घरोघर असतात. आपल्या कपाटातल्या न नेसलेल्या साड्यांबद्दल बोलायची मग सोय राहत नाही, ती वेगळी गोष्ट.

जुलैत हे लँकेस्टरला जातायत, हिस्टॉरिकॉनला. आपल्याला अडीच तासांचा रस्ता. ऐतिहासिक लढायांचा मेळावा असतो. शेकडो टेबलं, रोमनांपासून व्हिएतनामपर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी खेळ चालवणारा माणूस फौजा, फासे, नियम सगळं पुरवतो. नुसतं नाव नोंदवून खुर्चीवर बसायचं. हॉबी युनिव्हर्सिटी म्हणून रंगकामाचे वर्ग असतात, आणि वॉलीज बेसमेंट नावाचा जुना बाजार, तिथे लोक कंटाळलेल्या फौजा विकायला काढतात. आजोबा बरोबर आहेत. असई तिथे मांडायची म्हणतायत, आणि ह्यांनी उभं राहून लोकांना लढाई समजावून सांगायची. माईकवर! एवढी वर्षं फक्त तपासला तो.

तर वहिनी, खरं बोलायचं होतं ते हे. तुमची धाकटी. कॉलेज सोडून आली तेव्हापासून खोलीबाहेर पडत नाही, असं तुम्हीच मला म्हणालात. मी परवा तिची नखं पाहिली. एकेका नखावर एकेक मोर काढलाय तिने, पिसांचे डोळे दिसतात हो! तो हात असलेल्या मुलीला तिथे डोक्यावर घेतील. मुली कमी असतात हे खरं, तुम्हाला आधीच सांगते. पण रविवारी दुपारी नुसतं रंगवायला बसतात, तेव्हा दोन-तीन जणी येतात. गुरुवारी गोंगाट असतो, पहिल्यांदा रविवारच बरा. तिला म्हणावं खेळायची सक्ती नाही, बोलायचीही नाही. कुंचले, रंग, सैनिक सगळं ह्यांच्याकडे आहे, आणि तपकिरी रंग तर वर्षभर पुरेल इतका आहे. हे गाडीतही काही बोलत नाहीत, त्यामुळे वाटेत तिला त्रास होणार नाही. दीडला निघतात. फक्त पोटभर जेवायला घालून पाठवा, तिथे चिप्सशिवाय काही मिळत नाही.